मांजर, उंदीर आणि आखणीची खोली

आमच्या घरात हसणं हे एक काम होतं. शाडू मळणं, भांडी घासणं, सर आली की अंगणातल्या मूर्ती आत घेणं, तसंच हेही. ते वेळेवर करावं लागे आणि सगळ्यांनी मिळून करावं लागे. एकाने कुचराई केली तर त्याचे परिणाम दुसऱ्याला भोगावे लागत, आणि तो दुसरा बहुतेक वेळा माझा भाऊ दिनू असे. पुढे वर्तमानपत्राच्या कचेरीत मी वर्षानुवर्षं इतरांच्या घरांत काय घडलं ते लिहिलं आणि तपासलं. आपल्या घराबद्दल लिहिताना तीच पद्धत वापरायची असं ठरवलं आहे. जे पाहिलं ते आणि जे ऐकलं ते.

घर पेणमध्ये, मूर्तिकारांच्या आळीत. पुढे राहायच्या दोन खोल्या, मागे लांबट अंगण आणि अंगणाच्या पलीकडे कारखाना. मूर्तीच्या जागेला आमच्याकडे कारखानाच म्हणतात, मग तिथे दहा माणसं काम करोत की घरातलीच चार. आमच्याकडे घरातलीच होती. बाबा, आई, दिनू आणि मी. सकाळी जाग येई ती शाडू कुटण्याच्या आवाजाने. कपड्यांना, अंथरुणाला, भाकरीच्या टोपल्यालासुद्धा ओल्या मातीचा वास असे. आई तांदळाच्या भाकरी करून चुलीशी उभ्या करून ठेवी, वालाचं बिरडं एका मोठ्या पातेल्यात, आणि ज्याला वेळ मिळेल त्याने हात धुऊन यायचं. सगळे एकत्र जेवायला बसलो असं श्रावणात क्वचितच होई. साचे काढणं आणि अंग रंगवणं आई आणि मी करत असू. दागिने आणि पीतांबर दिनूकडे. आखणी फक्त बाबांची. आखणी म्हणजे डोळे, भुवया, सोंडेवरची बारीक नक्षी. मूर्ती कितीही चांगली घडली तरी ती कोणाच्या हातची हे आखणीवरून ओळखतात, आणि बाबांचे डोळे आळीत ओळखले जात.

बाबा दारू पीत नव्हते. हे आधीच लिहिते, कारण ही हकिकत सांगितली की लोक पहिला प्रश्न तोच विचारतात. बिडी ओढत, तीही अंगणात. शेजाऱ्यांशी त्यांचं वागणं नीट होतं. राग यायचा तो घरात, आणि कशाने येईल याचा अंदाज बांधता येत नसे. रंग सुकला नाही म्हणून येई, चहा निवला म्हणून येई, कधी कोणी काहीच केलेलं नसताना येई. राग आला की ते बोलत नसत. साच्यावरची माती सारखी करायची लाकडी पट्टी असते, ती उचलत आणि दिनूच्या मागे धावत. माझ्या अंगाला त्यांनी हात लावला नाही. आईला एकदा लागलं होतं, तेही मध्ये पडली म्हणून. त्यानंतर ती मध्ये पडत नसे. तिने दुसरा मार्ग काढला. तो पुढे सांगते.

माझी मावशी रोह्याला असे. तिचा नवरा, आमचे काका, तिथल्या एका केमिकल कंपनीत शिफ्टवर होते. त्यांच्याकडे रंगीत टीव्ही होता आणि पुढे व्हिडिओही आला. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पेणचे पोह्याचे पापड पिशवीत घालून रोह्याला जात असू. काकांच्या टीव्हीखालच्या फळीवर कोणीतरी आखातातून आणलेली एक कॅसेट होती. तिच्यावर कार्टूनच्या छोट्या छोट्या फिल्म एकामागोमाग एक भरलेल्या होत्या. प्रत्येकीत एक मांजर एका उंदराच्या मागे धावे. गोष्ट तेवढीच. बोलणं नाही. मांजर धावायच्या आधी हवेत पाय फिरवून घेई, मग सुटे. वळणावर त्याचा वेग आवरत नसे, ते घसरत जाऊन कपाटावर आपटे आणि कपाट त्याच्यावर पडे. कपाटाखालून ते कागदासारखं चपटं होऊन बाहेर येई, अंग झटके आणि पुन्हा धावायला लागे. गच्चीच्या कठड्यापलीकडे गेलं तरी लगेच पडत नसे. खाली जमीन नाही हे त्याला कळेपर्यंत ते हवेतच चालत राही. कळलं की पडे.

आम्ही हसून हसून आडवे होत असू. आता त्या हसण्याचा विचार करते तेव्हा वाटतं, आम्हाला त्यात दोन गोष्टींची खात्री होती. मागे लागणारा पोचणार नाही ही एक, आणि लागलेलं राहणार नाही ही दुसरी. तिसरी एक गोष्ट तेव्हा शब्दांत आली नसती. त्या धावण्याला वेळापत्रक होतं. मार कधी बसणार हे संगीत आधीच सांगे. बाजा चढत जाई, थांबे, आणि मग धप्प. धक्का बसे, पण अचानक काहीच घडत नसे. आमच्या घरात असलं आधी सांगणारं काही नव्हतं.

एका वर्षी बाबाही आमच्याबरोबर आले. मावशीने आग्रह करून त्यांना टीव्हीसमोर बसवलं. ते कारखान्यात काम बघतात तसे बघत होते, मान थोडी वाकडी करून. मग एक फिल्म आली. तिच्यात मांजर धावता धावता एका मडक्यात शिरतं. मडकं फुटतं आणि मांजर तसंच बाहेर येतं, मडक्याच्या आकाराचं, पोट गोल, मान अरुंद, आणि त्याच आकारात चार पावलं चालतं. बाबा हसायला लागले. मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसत होते. काकांना म्हणाले, “साच्यातनं काढल्यागत निघाला बगा. कच्चा शाडू हाय तो. मोडला तर मोडला, भिजवला की परत गोळा.” कारखान्यात खरंच तसं असे. न रंगवलेली मूर्ती मोडली तर तिची माती पुन्हा पिंपात जाई, कोणी हळहळत नसे. रंगवलेली मोडली की संपलं. बाबांनी ते मांजर आमच्याआधी ओळखलं होतं.

त्या दिवशी माझ्याशेजारी दिनू बसला होता. तो टीव्हीकडे बघत नव्हता. बाबांकडे बघत होता.

त्याच सुट्टीतली आणखी एक दुपार आठवते. काका रात्रपाळी करून आतल्या खोलीत झोपले होते. मावशीने टीव्ही लावायला परवानगी दिली, पण आवाज पूर्ण बंद करून. तीच कॅसेट. तीच फिल्म. आम्ही बसलो, आणि थोड्या वेळाने लक्षात आलं की कोणी हसत नाही. आवाज नसताना ते एक मोठं जनावर होतं आणि ते एका लहान जनावराला मारायला त्याच्या मागे लागलं होतं. त्याचे दात दिसत होते. उंदीर भिंतीला पाठ लावून उभा राहिला तेव्हा मावशीच्या धाकट्या मुलीने उठून आईच्या पदरात तोंड घातलं. दिनूने टीव्ही बंद केला. तो तेरा-चौदा वर्षांचा असेल. मला म्हणाला, “शैले, गंमत त्या बाज्यात हाय. बाजा पायजे.”

पेणला परतल्यावर तो कारखान्यामागे सराव करायचा. जागच्या जागी पाय फिरवायचे आणि मग सुटायचं. ओल्या मातीवर टाचेने घसरत वळायचं. खांबाआड जाऊन फक्त मान बाहेर काढायची. मला वाटलं खेळतो आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी एकदा बाबांनी पट्टी उचलली, दिनू अंगणात पळाला आणि पळता पळता त्याने ते सुरू केलं. पाय हवेत, डोळे बटाट्याएवढे, विहिरीच्या कठड्यापाशी येऊन एक पाय पुढे टाकला, खाली बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि हळूच टाटा केला. बाबा थांबले. पट्टी वर होती. मग त्यांच्या छातीतून एक आवाज आला आणि ते हसले. पट्टी खाली आली. “माकडा,” म्हणाले आणि आत गेले. त्या दिवशी मार बसला नाही.

आईने जे ओळखलं ते तेव्हाच. पुढच्या वेळी ती दारात उभी राहिली, माझ्या दंडाला धरलं आणि हळू आवाजात म्हणाली, “हस गो. हस.” मी हसले. तीही हसली. आम्ही हसायला लागलो की बाबा लवकर हसतात असं दिसून आलं. शेजारची यसूकाकी कुंपणावरून डोकावे आणि आपल्या सुनेला हाक मारी, “ये गो बाहेर, यांचा सिनेमा सुरू झाला.” तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. तिला ती खरोखर गंमत वाटत होती, आणि तिचं हसणं आमच्यापेक्षा मोकळं असल्याने जास्त उपयोगाचं होतं. आळीतली पोरं जमत. बाज्याचं काम ही सगळी माणसं करत होती. दिनू आळीत नकलाकार म्हणून प्रसिद्ध झाला. लग्नात, पूजेला लोक त्याला सांगत, करून दाखव रे ते मांजर. तो करून दाखवत नसे. लोक म्हणत, भाव खातो.

मी या गोष्टीचा चांगला शेवट लिहू शकत नाही, म्हणून तिचा उपयोग कमी होता असं नाही. त्या युक्तीने त्याचा कितीतरी मार वाचवला. पण दर वेळी तिला काही नवीन लागे. जुनं केलं तर बाबा हसत नसत. त्यामुळे मार बसायची भीती कमी झाली तरी एक दुसरी भीती त्याच्या मागे लागली, ती म्हणजे आता पुढचं काय करायचं. जेवताना घास हातात धरून तो विचार करत बसलेला मी पाहिला आहे.

त्यातून सुटायची एक जागा त्याला अपघाताने सापडली. कारखान्याच्या टोकाला आखणीची खोली होती. रंग झालेल्या मूर्ती तिथे फळ्यांवर ओळीने मांडत आणि बाबा दार ओढून त्यांचे डोळे काढत. आमच्या आजोबांनी घालून दिलेला एक नियम होता. मूर्तीला डोळे आले की ती बघते. तिच्यापुढे शिवी द्यायची नाही, बिडी ओढायची नाही, कोणावर हात उचलायचा नाही. पूजा तर पुढे घरोघर होते, प्राणप्रतिष्ठा भटजी करतात, पण आमच्या घरापुरता देव डोळ्यांपासूनच सुरू होई. आळीतल्या दुसऱ्या कारखान्यांत असं काही पाळत नसत. बाबा पाळत. आजोबांचा शब्द त्यांनी एवढा एकच कधी मोडला नाही. एकदा दिनू धावता धावता त्या खोलीत शिरला. बाबा उंबऱ्यापर्यंत आले आणि थांबले. समोर ओळीने डोळे. त्यांनी पट्टी पाठीमागे घेतली, जशी कोणी बिडी लपवावी, आणि परत फिरले.

तेव्हापासून ती खोली आमचं बीळ झाली. आम्ही तो शब्दही वापरत असू. आषाढ संपता संपता पहिल्या मूर्तींची आखणी होई आणि गणपती जाईपर्यंत बीळ उघडं राही. बाकीचं वर्ष दिनूला हसवूनच निभवावं लागे.

ज्या वर्षाबद्दल हे सगळं लिहिते आहे त्या वर्षी दिनू दहावी पास झाला होता. काकांनी रोह्याहून निरोप पाठवला होता की तिथल्या तांत्रिक शाळेत प्रवेश मिळतो आहे, पुढे कंपनीत शिकाऊ म्हणून घेतील, पोरगा आमच्याकडे राहील. आईला ते माहीत होतं, मलाही. बाबांना सांगायचं राहिलं होतं. त्यांचं त्या श्रावणात काहीतरी बिनसलं होतं. सकाळी आखणीच्या खोलीत जात, आतून कडी लावत आणि जेवायला हाक मारली की बाहेर येत. विचारलं तर म्हणत, चाललंय. धूळ बसू नये म्हणून मूर्तींवर जुन्या साड्यांचे तुकडे टाकलेले असत, तेवढे दार उघडलं की दिसत. आम्ही समजलो की आखणी जोरात आहे. ते जास्तच गप्प झाले होते. पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरत. आईने ते पाहिलं असेल, मी पाहिलं होतं, आणि आम्ही दोघींनी त्याचा काही अर्थ लावला नाही.

एका दुपारी पावसाने उघडीप दिली होती. ऊन पडलं म्हणून अंगणात फळ्या टाकून ओल्या मूर्ती मांडल्या होत्या. आम्ही सगळे ओटीवर जेवायला बसलो, अंबाडीची भाजी होती. दिनूने पान पुसून घेतलं आणि मान खाली घालूनच सांगितलं की बाबा, मी रोह्याला जातो, काकांनी शाळेचं बघितलंय. बाबांनी विचारलं, कधी. दिनू म्हणाला, येत्या सोमवारी. गणपतीच्या आधी का, असं बाबांनी विचारलं. दिनू म्हणाला, शाळा थांबत नाय ना बाबा. तुमची आखणी तर होत आली.

बाबांनी हात धुतला नाही. उष्ट्या हाताने पट्टी उचलली.

दिनू अंगणात उतरला. फळ्यांवरच्या मूर्तींना धक्का न लावता त्यांच्यामधून पळायची त्याला सवय होती. त्याने आपलं सुरू केलं. पाय जागच्या जागी फिरवले, एका फळीच्या टोकाशी येऊन दोन्ही हातांनी ब्रेक लावल्यासारखं केलं, मागे वळून बाबांना वाट दाखवली, या, या. यसूकाकी कुंपणावर आलीच. तिची सून आली. आई म्हणाली, हस, आणि मी हसले. ते चांगलं जमलं होतं, हे मला आजही सांगता येईल. पोरं टाळ्या वाजवत होती. बाबा धावायचे थांबले. अंगणाच्या मधोमध उभे राहिले आणि सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

“हसा,” म्हणाले. “मी नाय हसणार आज.”

यसूकाकीचा आवाज आधी बंद झाला. मग पोरांचा. आई हसत राहिली, एकटीच, आणि मग तीही थांबली. मावशीच्या घरची ती आवाज बंद केलेली दुपार मला तेव्हा आठवली असं म्हणणं खोटं ठरेल. ती नंतर आठवली. तेव्हा फक्त बाबांच्या पायांचा चिखलातला आवाज ऐकू येत होता. दिनूनेही ऐकला. त्याने नक्कल सोडली आणि खराखुरा पळाला, आखणीच्या खोलीकडे.

आम्ही मागे गेलो. तो आत शिरून फळ्यांच्या दोन ओळींमध्ये उभा होता. दम लागला होता, पण चेहऱ्यावर सुटका झाल्याचं दिसत होतं. बाबा उंबऱ्यावर पोचले. थांबले नाहीत. एक पाऊल आत टाकलं. दिनूला वाटलं असणार की कापडांमुळे त्यांना भान राहिलं नाही. त्याने शेजारच्या मूर्तीवरचा साडीचा तुकडा ओढला आणि म्हणाला, “बाबा, बघतायत ते.”

त्या मूर्तीला डोळे नव्हते. पांढरा रंग भरलेल्या दोन जागा होत्या, कोऱ्या. दिनूने दुसरं कापड ओढलं. तिसरं ओढलं. त्याने वळून बाबांकडे पाहिलं, आणि मला वाटतं घरात सगळ्यात आधी त्यालाच कळलं. मार बसायच्या आधी कळलं.

“कोण नाय बघत,” बाबा म्हणाले.

पट्टी त्याच्या डाव्या हातावर बसली, तोंड झाकायला वर घेतलेल्या. तो फळीवर पडला. फळी सुटली आणि रंगवलेल्या मूर्ती जमिनीवर गेल्या. आईने बाबांना मागून मिठी घातली. गरज नव्हती. ते त्या मूर्तींकडे बघत उभे होते आणि पट्टी धरलेला त्यांचा हात थरथरत होता, रागाने थरथरतो तसा नाही. पट्टी भिंतीशी टेकवून ठेवल्यावरही तो थरथरतच होता.

दवाखान्यात आईने सांगितलं की माळ्यावरून पडला. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि हाताला प्लास्टर घातलं. मी पुढे असल्या वाक्यांच्या बातम्या संपादित केल्या आहेत. घरातच पडून जखमी, एवढंच येतं, आणि त्यापुढे विचारायला बातमीदाराकडे वेळ नसतो. दुसऱ्या दिवशी काका आले. त्यांनी दिनूची पिशवी उचलली आणि त्याला स्टेशनवर घेऊन गेले. दिनूने बाबांच्या पाया पडायचं टाळलं नाही. वाकला, सरळ झाला आणि गेला.

मग आम्हाला हळूहळू सगळं कळलं. बाबांनी त्या वर्षी एकही डोळा काढला नव्हता. हात थांबत नव्हता. रोज आत बसून ते कोऱ्या पाटीवर रेघा ओढून बघत, पुसत, पुन्हा ओढत. त्यांनी आईलाही सांगितलं नव्हतं. दिनूला बसवून शिकवायचं, त्याच्याकडून डोळे काढून घ्यायचे आणि आळीत कळू द्यायचं नाही, असं त्यांच्या मनात असावं. हे आईने नंतर काढलेलं अनुमान आहे. बाबा स्वतः त्याबद्दल कधी बोलले नाहीत. आळीतल्या दुसऱ्या कोणाला बोलवू या, असं आई म्हणाली. बाबांनी नकार दिला. आमच्याकडून वर्षानुवर्षं मूर्ती नेणारी घरं होती, धरमतरपासून आतल्या गावांपर्यंत. त्यांचे पाट येऊन पडले होते, प्रत्येकावर नाव. चतुर्थीला त्यांच्या हातात आंधळा गणपती द्यायचा का, असं आईने विचारलं तेव्हा बाबांनी रोह्याला जायला शर्ट घातला. आई मला म्हणाली, तू जा गो बरोबर.

गाडीत ते खिडकीशी बसले. दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते. कासूला एक ओळखीचे गृहस्थ चढले, त्यांनी नमस्कार केला. बाबांनी नुसती मान हलवली. रोह्यापर्यंत ते माझ्याशी एवढंच बोलले, की तिथे गेल्यावर तू काय बोलू नको.

मावशीने दार उघडलं आणि बाजूला झाली. आत टीव्ही चालू होता. दिनूचं मन रमावं म्हणून काकांनीच ती कॅसेट लावून दिली होती. दिनू चटईवर बसला होता, हात गळ्यात बांधलेला. बाबा दाराजवळ टेकले. मावशीने चहा दिला. सगळे टीव्हीकडे बघत राहिलो. मडक्याची फिल्म लागली. मांजर धावत आलं, मडक्यात शिरलं, मडक्याच्या आकाराचं होऊन बाहेर आलं, आणि बाबा हसले. अगदी मनापासून नव्हे. सवयीने, किंवा कोणीतरी हसायला हवं म्हणून. त्यांच्या बशीतला चहा हिंदकळून धोतरावर सांडला. दिनूने मान वळवली आणि बशीकडे पाहिलं. बशी धरलेल्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. मग उठून टीव्ही बंद केला.

“डोळे?” त्याने विचारलं.

“नाय झाले.”

“एक पण?”

“नाय.”

मावशी आत निघून गेली. काका दारात आले होते, ते थांबले.

“मी येतो,” दिनू म्हणाला. “डोळे काढून देतो नि परत रोह्याला येतो. पण बाबा, मी आता पळणार नाय. तुम्हाला मारायचं असेल तर मी उभा हाय. पळायचं नि हसवायचं आता माझ्याच्यानं नाय व्हायचं.”

बाबांनी बशी खाली ठेवली. व्हय म्हणाले की नाही, यावर माझं आणि दिनूचं आजही एकमत नाही. मला ऐकू आलं होतं. त्याला नाही.

पुढचं थोडक्यात लिहिता येतं. दिनू रोह्याला शिकला, तिथेच कंपनीत लागला आणि बाबा होते तोवर दर श्रावणात रजा टाकून आखणीला पेणला येत राहिला. बाबांनी त्यानंतर त्याच्यावर हात उचलला नाही. त्यांना चूक वाटली म्हणून, की हातच राहिला नाही म्हणून, हे मला ठरवता आलेलं नाही. मी दोन्ही बाजू लिहून पाहिल्या आहेत. आता दिनूची नातवंडं मोबाइलवर तसली धावपळीची कार्टून बघतात आणि तोही त्यांच्याबरोबर बसून हसतो. मला ते बघवत नाही. त्याला का बघवतं हे मी विचारलेलं नाही.

राहिली त्या वर्षीची आखणी. दिनू सकाळच्या गाडीने बाबांच्या आणि माझ्याबरोबर पेणला आला, कारखान्यात गेला, खोलीचं दार सताड उघडं ठेवलं आणि पाटावर बसला. एका हाताने ब्रश धरता येत होता, पण मूर्ती फिरवता येत नव्हती. ते बाबांनी केलं. ते समोर बसत, दोन्ही हातांनी मूर्तीचा पाट धरत, दिनू मानेने खुणावेल तशी उजेडाकडे वळवत. पाट घट्ट धरला की त्यांचा हात हलत नसे. बिळात बसून बसून बाबांनी काढलेले डोळे त्याला पाठ झाले होते. आधी वरची पापणी, मग बुबुळ, मग बुबुळातला पांढरा ठिपका, शेवटी भुवया. पहिल्या मूर्तीच्या डोळ्यांकडे बाबांनी मान वाकडी करून पाहिलं आणि ती फळीवर ठेवली. आई आणि मी दारातून तयार मूर्ती बाहेर नेत होतो. ती डोळे येऊ लागलेली खोली होती, त्यामुळे कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

दुपारकडे ब्रश धुवायचं पाणी काळं झालं. वाटी दिनूच्या डाव्या बाजूला होती, प्लास्टरच्या हाताच्या पलीकडे. ती घ्यायला बाबांनी हात उचलला आणि त्याच्या खांद्यावरून पुढे नेला. दिनू हलला नाही. पळणार नाही म्हणाला होता, तसा बसून राहिला. फक्त त्याने डोळे मिटले आणि अर्धवट आखलेल्या मूर्तीला लागू नये म्हणून ब्रश बाजूला, हवेत धरला. बाबांचा हात जिथे होता तिथे थांबला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग त्यांनी वाटी उचलली, बाहेर येऊन काळं पाणी ओतलं, स्वच्छ पाणी भरलं, आणि आत जाताना दिनूच्या मागून न जाता समोरून, त्याला दिसेल असे गेले. दिनूने डोळे उघडले होते. त्याने ब्रश पाण्यात बुडवला आणि राहिलेली भुवई आखली.